करंगळीचं छिद्र आणि पन्नाबाबू

माझ्या बासरीला बोटांची सात छिद्रं आहेत. सहा एका ओळीत, आणि सातवं खाली, ओळ सोडून जरा बाजूला, उजव्या करंगळीला पोचेल अशा बेतानं पाडलेलं. मैफलीच्या बहुतेक बासऱ्यांवर बोटांची छिद्रं सहाच असतात. टोकाकडे आणखी एखादं भोक दिसलं तर ते सूर जमवण्यासाठी असतं, बोटासाठी नसतं. पं. हरिप्रसाद चौरसियांच्या परंपरेतली मंडळी सहा छिद्रांवरच वाजवतात, आणि त्या सहांतून काय काय निघतं ते सगळ्या देशानं ऐकलेलं आहे. मग आमच्याकडे हे सातवं कशाला? क्लासला नव्यानं येणारं प्रत्येक मूल हे विचारतं. आमचे सर तोंडी उत्तर देत नाहीत, यमन राग वाजवून दाखवतात. मी इथं लिहून उत्तर देणार आहे, कारण या छिद्रामागे एक माणूस आहे आणि त्याच्याविषयी लिहायचं कधीपासून मनात होतं. पं. पन्नालाल घोष. आमच्या क्लासमध्ये सगळे त्यांना पन्नाबाबू म्हणतात. त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं आमच्यापैकी कुणीच नाही, तरीही.

पन्नाबाबू 1911 साली बारिसालला जन्मले. आज ते बांगलादेशात आहे. कीर्तनखोला नदीच्या काठचं गाव, आजूबाजूला पाणीच पाणी. वडील अक्षयकुमार घोष सतार वाजवायचे, धाकटे भाऊ निखिल घोष पुढे तबल्यातले मोठे गुरू झाले आणि मुंबईत त्यांनी संगीत महाभारती उभी केली. म्हणजे घर सुरातालाचंच. पन्नाबाबूंना लहानपणी नदीत वाहत आलेली बासरी सापडली, अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मला त्यांच्या तालमीच्या गोष्टीत जास्त रस आहे. तरुणपणी ते कसरत करायचे, कुस्ती खेळायचे, मुष्टियुद्ध खेळायचे. माझा पेशा फिजिओथेरपीचा, त्यामुळे हा तपशील मी चरित्रातली किरकोळ गंमत म्हणून वाचूच शकत नाही. बत्तीस इंची बासरी आडवी धरून तासभर विलंबित, म्हणजे अगदी संथ लयीत, वाजवणारा माणूस खांद्यानं, पाठीनं आणि फासळ्यांनी किती तयार असावा लागतो, ते मला रोज दिसतं.

बत्तीस इंच. हा आकडा बासरीच्या जगात वारंवार ऐकू येतो. त्यांच्या आधी बासरी म्हणजे लोकगीतातली, भजनातली, गुराख्याच्या हातातली, फार तर वाद्यवृंदातली. चित्रातल्या कृष्णाच्या हातात असते तशी आखूड, उंच स्वराची. तिच्यावर धून सुरेख वाजते. पण बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं विस्तारानं मांडलेलं गाणं, म्हटलं की गायक आधी खर्जात उतरतो, षड्जाच्या खाली निषाद, धैवत, पंचम असं चाचपत, एकेका स्वरावर मुक्काम करत वर येतो. आखूड बासरीतही मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम असतो, पण तिथला मंद्र मुळातच इतका उंच की त्याला माणसाच्या आवाजातल्या खर्जाचं वजन नाही. पन्नाबाबूंनी वेगवेगळ्या लांबीच्या, वेगवेगळ्या मापाच्या नळ्या करून पाहिल्या, धातूच्यासुद्धा, आणि शेवटी बांबूवरच आले. लांब, रुंद पोटाची, भारदस्त आवाजाची बासरी.

"त्यांनी बासरी लांब केली" एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं आणि तिथं मला नेहमी थांबावंसं वाटतं. बांबू लांब कापणं हे कुणीही करेल. त्यांना आधी काय ऐकू येत होतं, ते महत्त्वाचं. त्यांचे गुरू पाहा. उस्ताद खुशी मोहम्मद खाँ हार्मोनियमचे. मग गिरिजाशंकर चक्रवर्ती, बंगालमधले ख्याल-ठुमरीचे मोठे गायक आणि गुरू. एकीकडे हार्मोनियम, ज्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, निघतच नाही. दुसरीकडे गळा, ज्यात मींडेशिवाय काही नाही. या दोन्ही तालमींतून गेलेल्या माणसाला दोन स्वरांमधली जागा किती नीट दिसत असेल! मला वाटतं, त्यांच्या कानात आधी गायकी पक्की बसली आणि मग तिला पुरेल असं वाद्य त्यांनी शोधत नेलं. वाद्य बदललं ते गाण्याच्या गरजेनं. हा क्रम उलटा लावला की पन्नाबाबू नुसते कारागीर उरतात.

आता शरीराकडे येते, कारण इथं मला बोलायला भरपूर आहे.

बासरीला पत्ती नाही. सनईत ओठांमध्ये पत्ती असते, ती हवेला अडवते, त्या अडण्यातून वादकाला आधार मिळतो. बासरीत हवा सरळ मुखरंध्राच्या काठावर जाऊन आपटते, थोडी आत, थोडी बाहेर. बाहेर गेलेली वाया. उलटून काही दाब येत नाही, म्हणून श्वास किती सोडायचा हे सर्वस्वी वादकाच्या पोटावर आणि फासळ्यांवर असतं. मंद्र स्वरांना तर हळू पण भरपूर हवा लागते. जरा जोर झाला की स्वर उडी मारून वरच्या सप्तकात जातो. जरा कमी पडली की विरून जातो. मंद्र पंचमावर नवशिक्याचा दम चटकन संपतो. जुना वादक तोच स्वर कितीतरी वेळ धरतो, आणि तेही छाती फुगवून नव्हे. श्वासपटल खाली राहतं, बरगड्या उघड्या राहतात, हवा बेतानं सुटते. कुस्ती आणि मुष्टियुद्ध करणाऱ्याला श्वासावरचा हा ताबा अंगात मुरलेला असतो. उगाच नाही मी ती तालीम एवढी धरून बसले.

मग बोटं. लांब बासरीत छिद्रं लांब लांब असतात आणि मोठीही असतात. टोकांनी झाकायला गेलं तर हात ताणून ताणून दुखतो आणि छिद्र पुरतं झाकलंही जात नाही. म्हणून बोटं सपाट ठेवतात, मधल्या पेराचा मांसल भाग छिद्रावर येतो. हाताच्या पाठीवर अनामिकेची कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांना छोट्या पट्ट्यांनी बांधलेली असते, म्हणून अनामिका एकटी मोकळेपणानं उचलत नाही. हात टेबलावर पालथा ठेवून, मधलं बोट आत मुडपून करून पाहा, लगेच कळेल. बासरीत मात्र ती एकटी उचलावी लागते, अर्धी उचलावी लागते, आणि कोमल स्वरासाठी छिद्र अर्धवट झाकून हवेत तोलून धरावी लागते. त्यात आणखी मान डावीकडे वळलेली आणि उजवा खांदा बाहेर. माझ्याकडे बासरीवादक येतात ते बहुतेक मान आणि उजवं मनगट घेऊनच येतात.

मी मोठी बासरी मागितली तेव्हा "बाईच्या हाताला पुरेल का?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. पुरते. हाताच्या लांबीपेक्षा बोटं एकमेकांपासून किती फाकतात आणि अंगठा कुठे टेकतो, यावर जास्त अवलंबून असतं. उजवा अंगठा तर्जनीच्या अगदी खाली न ठेवता मधल्या बोटाकडे सरकवला की करंगळीला वाव मिळतो. ज्या मुलींना 'हाताला पुरणार नाही' असं सांगून छोटी बासरी हातात देतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितेय.

करंगळीचा वाव म्हणजेच सातवं छिद्र. हे जरा सविस्तर सांगते.

बासरीवर वरची तीन छिद्रं झाकली की षड्ज. दोन झाकली की शुद्ध रिषभ, एक झाकलं की शुद्ध गंधार. शेवटचं अर्धं उघडलं की शुद्ध मध्यम, आणि सगळी छिद्रं मोकळी की तीव्र मध्यम. इथं नळी संपली. पुढचा पंचम हवा तर सहाच्या सहा छिद्रं परत झाकायची आणि फुंक बदलून स्वर वरच्या सप्तकात उचलायचा. म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम गळ्यात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले, पण बासरीत एक या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला. एका स्वराला सगळी बोटं हवेत, दुसऱ्याला सगळी बोटं खाली. मींड काढायची तर स्वर न तुटता सरकला पाहिजे. सहा बोटं एकदम पडतात तिथं सरकणार काय?

यमनमध्ये पंचमावरून तीव्र मध्यमावर ओघळून पुढे गंधारावर यायचं, ही तर अगदी रोजची जागा. पूरिया धनाश्रीत, श्रीत, शुद्ध कल्याणात, सगळीकडे हा सांधा आडवा येतो. सहा छिद्रांवर वाजवणारे थोर वादक फुंकेच्या आणि बोटांच्या कसबावर तो बेमालूम बुजवतात, आणि ते कसब खरंच अचाट आहे. पन्नाबाबूंनी मात्र त्या सांध्याखाली आणखी एक पायरी घातली. पंचमासाठी सहा छिद्रं झाकलेली आहेतच. त्याखाली एक छिद्र मोकळं. करंगळी हळूहळू त्यावर आणली की नळी जरा लांबते आणि पंचम सरकत तीव्र मध्यमावर येतो. मंद्रातही येतो आणि मधल्या सप्तकातही. करंगळी जितकी सावकाश, तितकी मींड लांब. शिवाय खर्जात अर्ध्या स्वराची भर पडते ती वेगळीच: एरवी बासरी मंद्र पंचमाला संपते, इथं ती मंद्र तीव्र मध्यमापर्यंत उतरते.

करंगळी हे हातातलं सगळ्यात दुबळं बोट. यमनमधली सगळ्यात नाजूक हालचाल तिच्यावर सोपवायची म्हणजे धाडसच. पण त्यातही एक मेख आहे. तिथं ताकद नकोच असते, फक्त सावकाशपणा हवा. तो करंगळीला शिकवता येतो. माझ्या रियाजाचा बराच भाग आजही त्या एका बोटावर जातो आणि मला त्याचा कधीच कंटाळा येत नाही.

पन्नाबाबू 1940 साली मुंबईला आले. त्याआधी कलकत्त्यात न्यू थिएटर्स या चित्रपट कंपनीत काम केलेलं, 1938 मध्ये सराईकेलाच्या छाऊ नर्तकांच्या संचाबरोबर युरोपही पाहिलेलं. त्यांच्या पत्नी पारुल घोष गायिका, संगीतकार अनिल विश्वास यांच्या भगिनी. पार्श्वगायन सुरू झालं त्या 1935 च्या 'धूप छाँव'मधल्या आवाजांत त्यांचा आवाज आहे. मुंबईत पन्नाबाबूंचा संबंध बॉम्बे टॉकीजशी आला, 1942 च्या 'बसंत'ला संगीतकार म्हणून त्यांचं नाव लागलं. सिनेमातलं त्यांचं काम ऐकायचं तर 1956 च्या 'बसंत बहार'मधलं 'मैं पिया तेरी' लावा. लताबाईंच्या आवाजाच्या बरोबरीनं जी बासरी चालते ती त्यांची. लोक ती साथ म्हणून ऐकतात. मला तिथं दोन गळे ऐकू येतात.

या सगळ्या धामधुमीत 1947 मध्ये ते उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकायला गेले. वय छत्तीसच्या घरात, देशभर नाव झालेलं, सिनेमात हात बसलेला, आणि हा माणूस मैहरच्या बाबांपुढे शिष्य म्हणून बसतो. मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात थोर गोष्ट हीच वाटते, बत्तीस इंचांपेक्षाही. तोवर जे होतं तेवढ्यावर त्यांचं उरलेलं आयुष्य सहज निघालं असतं. पण गायकी हाताशी आली तरी ख्यालाच्या पलीकडचं, आलाप-जोडाचं, म्हणजे तालाशिवाय राग उलगडत नेण्याचं, रागाच्या बढतीचं काहीतरी अजून मिळवायचं आहे हे त्यांना कळत होतं. पुढे त्यांनी नवे रागही बांधले: दीपावली, पुष्पचंद्रिका, चंद्रमौळी, नूपुरध्वनी. यातला दीपावली आमच्या परंपरेत अजून वाजतो.

1956 मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाद्यवृंदाचे संचालक झाले. 'कलिंग विजय'सारख्या वाद्यवृंद रचना त्यांनी केल्या. एका बांबूतून गळा काढू पाहणारा माणूस शंभर सुरांच्या मेळ्याचाही विचार करत होता, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणि मग 20 एप्रिल 1960 ला, दिल्लीतच, हृदयविकारानं गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

पन्नाशी न गाठणं याचा ध्वनिमुद्रणाशी थेट संबंध आहे. त्यांचं ऐन बहरातलं वय 78 च्या तबकड्यांच्या काळात गेलं. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. ज्यानं विलंबित ख्यालासाठी वाद्य घडवलं, त्याला राग तीन मिनिटांत आटपावा लागायचा. लांब वादनं उरली आहेत ती मोजकी, त्यात यमन आणि श्री ही दोन मला सगळ्यात जवळची. तासा-दीड तासाच्या मैफली घरबसल्या ऐकायची सवय लागलेल्यांना हे फार तुटपुंजं वाटेल. मला मात्र त्यांच्या त्या छोट्या तबकड्याही फार मोलाच्या वाटतात, कारण तिथं राग किती कमी स्वरांत उभा राहतो ते कळतं.

जे ध्वनिमुद्रित झालं नाही ते हातातून हातात आलं, आणि बरंचसं इथंच, आपल्या मुंबईत. पं. देवेंद्र मुर्डेश्वर त्यांचे शिष्य आणि जावई. व्ही. जी. कर्नाड शिष्य. निरंजन हळदीपूर शिष्य, आणि त्यांचे चिरंजीव पं. नित्यानंद हळदीपूर पुढे मुर्डेश्वरांकडे आणि नंतर अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या अन्नपूर्णादेवींकडे शिकले. मुर्डेश्वर, कर्नाड, हळदीपूर ही सगळी कानडी किनाऱ्यावरची गावं. बारिसालच्या नदीकाठचं वादन या किनाऱ्याची आडनावं लावणाऱ्या घरांत रुजलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. त्याच धाग्यात पं. केशव गिंडे, ज्यांनी तीन सप्तकांच्या पल्ल्यासाठी बासरीत आणखी बदल करून केशववेणू घडवली. म्हणजे वाद्याला प्रश्न विचारायची सवयही वारशात आली.

हरिजींचं नाव वर घेतलं, तेव्हा एक गोष्ट सांगून टाकते. सहा की सात हा वाद काही जण फार हिरिरीनं घालतात. मला त्यात भांडण दिसत नाही. हरिजीही अन्नपूर्णादेवींकडेच शिकले, म्हणजे बाबांच्याच घरात, आणि लांब बासरीची वाट पन्नाबाबूंनी आधी मोकळी केली नसती तर पुढच्या सगळ्यांचं काम किती कठीण झालं असतं. मला स्वतःला सातवं हवं, कारण मला ती मींड बोटाखाली जाणवायला हवी असते. ज्याला नको त्यानं वाजवू नये.

ऐकायला सुरुवात कुठून करावी, असं विचारलं तर मी श्री सांगेन. यमन सगळ्यांच्या कानात असतो, त्यामुळे आपण पुढचं आपणच ऐकून टाकतो. श्रीत तसं होत नाही. कोमल रिषभ आणि पंचम, या दोन स्वरांतलं अंतर हाच त्या रागाचा सगळा ताण. पंचमाला सहा बोटं खाली आणि फुंक चढी. कोमल रिषभाला वरची दोन छिद्रं पूर्ण, तिसरं अर्धं, आणि फुंक एकदम मवाळ. वर-खाली करताना फुंक आणि बोटं दोन्ही एका क्षणात बदलतात. पन्नाबाबूंच्या वादनात तो क्षण शोधून पाहा. मी पुष्कळदा शोधला, अजून नेमका पकडता आलेला नाही. नंतर तीव्र मध्यम पंचमाला येऊन मिळतो तिथं लक्ष ठेवा, करंगळी तिथं आहे. फोनच्या स्पीकरवर मात्र लावू नका, खर्ज सगळा गळून जातो आणि उरते ती भलतीच बासरी.

आणि एक विनंती. ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळच्या तबकड्या किंवा रेडिओवरून उतरवून घेतलेल्या टेप आहेत, त्यांनी एकदा पेटी उघडून पन्नालाल घोष हे नाव दिसतंय का ते पाहा. दिसलं तर स्वतः वाजवून बघू नका, जुनी सुई तबकडी खरवडते. मला कळवा, नीट उतरवून घेणाऱ्या माणसाशी गाठ घालून देईन. नूपुरध्वनी सापडला तर मी स्वतः न्यायला येईन.